कडेपलीकडचा गाळ

किनाऱ्यापासून कितीतरी दूरपर्यंत समुद्राचा तळ अंगणासारखा सपाट असतो. मग एका जागी तो संपतो आणि काळोखात उतरत जातो. सर्वेक्षणाच्या जहाजावर काम करताना ती कड मी तळ मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रोज पाहायचे. तिच्याखालच्या खोल घळी मला सुंदर वाटायच्या.

एकदा जहाज बंदरात उभं असताना तिथल्या कोळीवाड्यातल्या पार्वतीमावशी आल्या. त्यांच्या मुलाची मासेमारीची नौका वादळात त्या कडेपाशीच बुडाली होती. कुणीच सापडलं नव्हतं.

"बाय, तुमच्या यंत्राला खालचं दिसतं म्हणतात. माझा दत्ता दाखव ना."

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. "मावशी, यात नुसते चढउतार दिसतात. माणूस नाही दिसत."

त्या बराच वेळ त्या उतारावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला त्याला मूठमाती देता आली नाही. खाली त्याच्यावर माती तरी पडत असेल ना?"

"पडते," मी म्हणाले. "पण नद्यांचा गाळ बहुतेक किनाऱ्याजवळच बसतो. तिथवर फार थोडा पोचतो. बोटाच्या पेराएवढा थर साचायला माणसाचा जन्म जातो."

इतके डोंगर झिजतात, इतक्या नद्या गढूळ होऊन समुद्राला मिळतात, आणि एका पोराला झाकण्यापुरती माती तिथे पोचत नाही.

मावशी उठल्या. "म्हणजे मी मरेन, तरी तो उघडाच," असं म्हणून त्या सावकाश धक्क्यावर उतरून गेल्या.