कुंडीतल्या वडाची सबब

“झाडं आहेत हो घरी!” जेवणाची सुट्टी झाली रे झाली, की आमच्या ऑफिसातले भाऊ सायकलची किल्ली बोटात गरगर फिरवत उठायचे. डबा कधी आणला नाही. पाठीमागे आम्ही त्यांना माळीबुवा म्हणायचो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा नग असेलच.

वेड खरं होतं, हं. ऑफिसच्या भिंतीत पिंपळ उगवला की शिपाई हात लावत नसे. पाप नको म्हणे. भाऊ फडक्याने भिंत भिजवून तो मुळासकट अलगद काढत, मुळं छाटत आणि घरी उथळ कुंडीत लावत. वीतभर उंचीचा वड, त्याला चक्क पारंब्या! उंबर, चिंच, सगळं आपल्याकडचं. “परदेशी झाडांचे नखरे कोण सोसणार? आमचा वड चिवट. दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी हूं की चूं करत नाही,” असं ऐटीत सांगायचे.

ऐंशी सालाच्या आसपास त्यांना बढती आली, पण बाहेरगावी, चांदवडला. भाऊंनी नाकारली. पुन्हा आली, देवळ्याला. पुन्हा नकार. का? तर झाडांना दुपारचं पाणी कोण घालणार! मी वैतागलो. “भाऊ, मी घालतो की पाणी! आणि दोन दिवस तग धरतो ना तुमचा वड?”

त्यांनी सायकलची किल्ली उचलली. मग म्हणाले, “चला, आज जेवायला माझ्याकडे.”

इंदिरानगरात तेव्हा घरं तुरळक होती. त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप. भाऊंनी ते काढलं, तर आत वहिनी पदर मुठीत आवळून उभ्या. एकुलता मुलगा गेल्यापासून त्यांना एकटं राहवत नसे; जीव घाबरा झाला की रस्त्यावर धावत सुटायच्या. म्हणून कुलूप, आणि म्हणून रोज दुपारी घरी येणं.

भाऊंनी पोळ्या वाढायला घेतल्या. वहिनी हळूच मला म्हणाल्या, “भावजी, यांना सांगा ना, बढतीवर जा म्हणून. मी राहीन कुलपात.”

“काहीतरीच बोलतेस,” भाऊ म्हणाले, आणि वहिनींच्या ताटात भात कालवू लागले.

परतताना फाटकाशी थांबले. “ऑफिसात झाडंच सांगायची. वेडं म्हणायचं तर मला म्हणू देत, तिला नको.”

पुढे भाऊ निवृत्त झाले. निरोप द्यायला उभे राहिलेले साहेब एकेकाळी त्यांच्याच हाताखाली फाईल लावायला शिकलेले. “झाडांपायी हा माणूस जन्मभर कारकून राहिला!” ते म्हणाले. सगळे खो-खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं काय ते सांगायला मी उठणार, तोच शेजारी बसलेल्या भाऊंनी माझं मनगट धरलं आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. हसू थांबेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.