तिसरा घास

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून झाले की मनातल्या मनात फेटाळते. सवयच आहे तशी. गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासणं ही माझी नोकरी. ‘अचानक म्हैस आडवी आली’ असं लिहिणाऱ्याच्या बंपरला भिंतीचा रंग लागलेला मी इतक्यांदा पाहिलाय, की उद्या भूत दारात उभं राहिलं तरी आधी कागदपत्रं मागेन. त्यामुळे स्वतःचाच अनुभव लिहायला बसताना जरा लाज वाटतेय... पण लिहिते.

जागा डोंबिवली पूर्व. फडके रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या तीन मजली बिल्डिंगमधलं आमचं वन रूम किचन. मी लग्न होऊन ठाण्याला कोपरीत गेले, बाबा वारले, तेव्हापासून तिथे आई एकटी असते.

माझ्या आईला भुताचे सिनेमे प्रचंड आवडतात. सगळे नाही हं, फक्त कॉन्व्हेंटमधले. डोंगरावरचा एकाकी मठ, आपोआप वाजणारी घंटा, प्रार्थनेच्या रांगेत एक नन जास्तीची... असले. भाड्याने व्हीसीआर आणायचो तेव्हापासूनचा हा शौक. शेजारच्या घरांतून मालिकांची शीर्षकगीतं यायची आणि आमच्या घरातून लॅटिनमधल्या किंचाळ्या. बाबा बिचारे गॅलरीत जाऊन रामरक्षा म्हणायचे. मी आईच्या कुशीत गोधडी डोक्यावर घेऊन, एका फटीतून बघायचे. बशीत कांदा-शेंगदाणे घातलेला चिवडा असायचा. तो चिवडा, ती गोधडी, आणि पडद्यावर पांढऱ्याफटक तोंडाची नन — माझ्या लहानपणीचे शनिवार हे असे. आज आठवलं तरी बरं वाटतं.

कारण साधं होतं. आईचं बालपणच नन्सकडे गेलं. आजी बाळंतपणात गेली. आजोबा मोहन्याच्या कारखान्यात, एका खोलीत चौघे पुरुष. धाकट्या भावाला राजापूरकडे गावी काकूने ठेवून घेतलं आणि आईला कल्याणच्या एका मिशनच्या बोर्डिंगमध्ये घातलं. तिथल्या सिस्टर फिलोमिना वसईच्या, मराठीच बोलायच्या, सगळ्या मुलींना ‘बाय’ म्हणायच्या. आईचं लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. आई बाबांना घेऊन त्यांच्या मातीला गेली होती. मी त्यानंतरची.

त्यामुळे आई हे सिनेमे घाबरायला बघायचीच नाही. चुका काढायला बघायची.

“एवढ्या मेणबत्त्या? आमच्याकडे उरलेली टोकं वितळवून परत मेणबत्ती करायचे.”

“झग्याला कडक इस्त्री बघ हिच्या! सिस्टरच्या झग्याला कांद्याचा वास येतो गं.”

क्रॉस भिंतीवर गर्रकन उलटा फिरला की सगळं थिएटर गारठायचं आणि आई म्हणायची, “खिळा सैल असेल.” एकदा ठाण्याच्या मॉलमध्ये पुढच्या रांगेतला मुलगा वैतागून मागे वळला. “आजी, प्लीज. थोडा डरने दो ना यार!”

मी हसून हसून बेजार. बाहेर आल्यावर विचारलं, “आई, तुला खरंच भीती नाही वाटत?”

“माहेरी कसली गं भीती?” म्हणाली. आणि रिक्षा मिळेपर्यंत माझा हात धरून उभी राहिली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठवडे गेले, हात थोडा हलायला लागला, पण आईने जेवण सोडलं. डॉक्टर तपासून म्हणाले, “गिळता येतंय त्यांना. पण त्या तोंडच उघडत नाहीयेत. सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.” मी रजा टाकून डोंबिवलीतच राहिलेले. मऊ भात, पेज, शिरा, सगळं करून झालं. ओठ घट्ट मिटलेले, नजर भिंतीवर. मला नळीची भीती नव्हती. आईने जायचं ठरवलंय हे मला दिसत होतं, आणि मला काहीच करता येत नव्हतं. आतून नुसती तुटत होते मी.

शनिवार, दुपारची वेळ. टिटवाळ्याहून सुनंदा यायची आईचं करायला, ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. काही सुचेना म्हणून मी टीव्हीवर आईच्या पाहण्यातला एक कॉन्व्हेंटचा सिनेमा लावला. इंग्रजीच. पडदे ओढले, आईला उशांना टेकवून बसवलं, मेतकूट-भाताची वाटी घेतली. प्रार्थनाघर दिसलं तशी आईची नजर भिंतीवरून टीव्हीकडे सरकली. तेवढंही खूप होतं मला.

मग जेवणघराचा सीन आला. लांबच लांब टेबल, अनाथ मुली, त्यात एक नवी, न जेवणारी. मागून एक नन येते. मी काही पडद्याकडे बघत नव्हते, चमचा आईच्या ओठांशी धरून बसलेले. “आई, एक घास गं... माझ्यासाठी...”

आणि टीव्हीतून आवाज आला. “खा, बाय. हा घास तांबूचा.”

मराठीत! मी मान वळवली. पडद्यावर नन होती, पण सिनेमातली गोरी, खोल डोळ्यांची नव्हे. सावळी, गोल चेहऱ्याची, वरच्या ओठावर घाम, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सरळ आमच्याकडे बघत होती. म्हणजे आईकडे.

“हा घास बाबल्याचा.”

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ मात्र मिटलेलेच.

“हा घास वैजूचा.”

वैजू म्हणजे मी. वैजयंती.

आईने तोंड उघडलं. घाईघाईत भरवताना अर्धा भात तिच्या गाउनवर सांडला. पण उरलेला तिने चावला, गिळला आणि पुन्हा आ केला.

“ताई, कोण आलंय?” आतून सुनंदाचा आवाज. “बाईमाणूस बोलल्यासारखं वाटलं. चहा टाकू का?”

मी परत टीव्हीकडे बघेपर्यंत तीच गोरी नन पाठमोरी चालली होती आणि ते नेहमीचं भीतीदायक म्युझिक सुरू झालं होतं.

आईने अर्धी वाटी खाल्ली. नळी टळली. तो सीन मी नंतर कितीदा मागे-पुढे केला! त्यात ती नन इंग्रजीत दोन शब्द बोलते आणि निघून जाते. मराठी ऑडिओचा पर्यायच नाही. जागरणाने मला भास झाला म्हणावं, तर सुनंदाने काय ऐकलं? आणि तांबू कोण, बाबल्या कोण, हे तर मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोहन्याचा मामा आला. आईचा तोच धाकटा भाऊ. जन्मभर युनियन केलेला, देवळाच्या पायरीलाही न शिवलेला माणूस. तो माझी टर उडवेल आणि मला बरं वाटेल म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

“तांबू आमची गाय गं, गावची. आणि बाबल्या मी. काकू गेल्यापासून मला त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.”

मग त्याने सांगितलं. बोर्डिंगमध्ये नवी मुलगी रडायची, जेवायची नाही. मग सिस्टर फिलोमिना शेजारी बसून विचारायच्या, घरी काय काय ठेवून आलीस, बाय? ती जे सांगेल त्याच्या नावाचा एकेक घास. आई सुट्टीत गावी गेली की मामाला तसंच भरवायची.

“पण ताईने दोनच नावं सांगितलेली,” मामा म्हणाला. “तांबू आणि बाबल्या. दोन घास खाऊन झोपली, असं ती नेहमी सांगायची. तिसरा नव्हता गं वैजू.”

मी आईकडे पाहिलं. ती झोपली होती, शांत.

सिस्टर गेल्या तेव्हा माझा जन्मही नव्हता झालेला. त्यांना माझं नाव सांगणार कोण? उत्तर एकच सुचतं, आणि ते माझ्या बुद्धीला पटत नाही. त्या दिवसांत आई अर्ध्याहून जास्त वाट चालून गेली असणार. तिथे कुणीतरी तिला विचारलं असणार, घरी काय काय ठेवून आलीस, बाय? आणि बोलता न येणाऱ्या माझ्या आईने या वेळी तीन नावं सांगितली.

पटत नाहीच. दुसरं काही स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

आई आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. बोलणं मात्र जेमतेम, दोन शब्द जोडायलाही कष्ट पडतात. त्या दिवसाबद्दल मी तिला कधी विचारलं नाही, धीरच झाला नाही. परवा भरवताना सहज म्हटलं, “सावकाश खा गं आई, मी आहे ना इथे.”

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

“म्हणून तर... आले,” म्हणाली.