न बोललेलं कंसात

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीत शाळा सुटली, शब्दही साधेच येतात. पण या कामाच्या चार महिन्यांत इतकं साठलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. खरं सांगतो, राग येतो!

रत्नागिरीत एक मॅडम बोलीभाषेचा अभ्यास करतात. गावोगाव माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतात, मी ते ऐकून टाईप करतो. नियम एकच. माणसाने वाक्यातला जो शब्द गाळला, तो आपण कंसात भरायचा. "बोलला नाही तरी तो तिथे असतोच," मॅडम म्हणतात. असेल! पण तो भरणारे आपण कोण?

मालगुंडला एक मावशी मासे विकून उठत होती. "आणली, विकली, संपली!"

मॅडमनी विचारलं, "काय?"

मावशीने रिकामी पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. "वास घ्या नि लिवा!"

हातखंब्याचा चहावाला म्हणाला, "रस्ता खणलान नि तसाच टाकलान."

"कोणी?"

"नाव सांगून खड्डा बुजणार असेल तर आत्ता सांगतो!"

मॅडमनी मला कंसात 'ठेकेदाराने' भरायला लावलं. उद्या ठेकेदार टपरीवर आला तर? तेव्हा मॅडम असतील का तिथे?

केळशीला तर हद्द झाली. एक आजी घरधन्याबद्दल सांगत होत्या, "येतात, जेवतात, झोपतात." मॅडमनी कंसात आजोबांचं नाव घातलं. टाईप केलेलं मी आजींना वाचून दाखवलं.

"मेल्या, जन्मात मी त्यांचं नाव घेतलं नाय, नि तू माझ्या तोंडात घातलंस?"

अंगणातून आजोबा ओरडले, "परत वाच रे!"

परवा मॅडम आमच्या घरी आल्या. आई बोलली, "मुंबयला गेले. पयल्या गणपतीला आले. मग नाय आले." त्याच वर्षी माझी शाळा सुटली.

"कोण?" मॅडमनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "चहा घ्या, थंड होतोय."

निघताना मॅडम मला म्हणाल्या, "तुला माहीतच आहे, तूच भर. रिकामे कंस मी घेणार नाही हं." मला तोंडावर बोलता येत नाही. मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या ऑफिसात लवकर जाऊन कॉम्प्युटर लावला. आईची तिन्ही वाक्यं टाईप केली, कंस घातलेच नाहीत. खाली मॅडमचं 'कोण?' टाईप केलं आणि त्याच्या खाली आईचं उत्तर, जसंच्या तसं.

"चहा घ्या, थंड होतोय."