सोळा चौकोनांचं गवत

गवत शिकायला कुणी पैसे देतं, यावर आमच्या जूचंद्रमध्ये आजही कुणाचा विश्वास नाही. मला शिष्यवृत्ती मिळून दोन वर्षं होत आली, तरी धाकटी काकी लग्नकार्यात भेटली की मला कोपऱ्यात घेते आणि हळूच विचारते, "अगो बाय, मला तरी खरं सांग, काम काय करतेस?" मी म्हणते, गवताचा अभ्यास करते. मग ती आईकडे अशी बघते, जणू पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय आणि आईने ते लपवून ठेवलंय.

खरं तर तिचं काय चुकलं? आमच्या घरात गवत शिकायची गोष्टच नव्हती. डोंगराच्या पायथ्याला आमच्या भावकीचा सामाईक माळ आहे. पावसात तिथं आपोआप उगवतं ते गवत, दिवाळीच्या सुमारास कापायचं, भारे बांधायचे आणि टेम्पोत भरून म्हशींच्या तबेल्यांना पाठवायचं. बाबांनी जन्मभर हेच केलं. त्यात शिकण्यासारखं काय असतं? असं मलाही वाटायचं, आणि तीच माझी घोडचूक होती. पण ते पुढे येईल.

वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी शिष्यवृत्त्या शोधायला लागले. सोबतीला कॉलेजातली माझी निर्मळ गावची मैत्रीण होती. तिच्या घरची केळीची वाडी, ती स्वतः शाळेत शिक्षिका, आणि मुख्य म्हणजे तिच्या घरी प्रिंटर होता. रविवारी तिच्या घरची मंडळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आली, की आम्ही दोघी वाडीतल्या पडवीत लॅपटॉप उघडून बसायचो. लोकांना वाटतं असले पैसे मिळतच नाहीत. मिळतात हो, फक्त प्रत्येक ठिकाणी दारात एक अट पाय पसरून बसलेली असते. एकीकडे कृषी विद्यापीठाचेच विद्यार्थी लागत होते, दुसरीकडे परदेशातल्या प्राध्यापकाचं पत्र आधी हवं होतं. एका अर्जाने तर थेट विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या किती? आमच्याकडे मेंढी सोडाच, कोंबडीसुद्धा उरली नव्हती.

"लिही पन्नास," मैत्रीण म्हणाली. "बघायला थोडीच येणारेत? आणि माझ्या केळ्यांवर कुणी पैसे देतंय का तेही बघ."

अखेर एक सापडली. गवताळ जमीन आणि शेती यांवर संशोधन करायला एक संस्था तीन वर्षं पैसे देणार होती. अट अशी, की आधी आपल्या जमिनीवर छोटासा प्रयोग करून दाखवायचा, दोन जण तो बघायला येणार आणि मग ठरवणार. वयाची मर्यादा होती, आणि माझ्यासाठी ते शेवटचं वर्ष होतं. घरात मी शब्द दिला, हे जमलं नाही तर वसई पूर्वेच्या औषध कारखान्यातली नोकरी धरीन आणि गवताचं नाव काढणार नाही. नोकरी जवळजवळ ठरलेलीच होती. आई तर अर्ध्या गावाला सांगूनही आली होती.

भावकीला विनवून मी माळावर सोळा चौकोन आखले. बांबूच्या खुंट्या, सुतळी, आणि प्रत्येक चौकोनाला पत्र्याच्या तुकड्यावर रंगवलेला नंबर. आठ चौकोनांत शेणखत टाकलं, आठ तसेच ठेवले. कुठल्या चौकोनात किती आणि कोणकोणतं गवत येतं, एवढाच साधा प्रश्न होता. बाबांना मी बजावून ठेवलं, पाहुणे येईपर्यंत इथं कुणालाही पाय टाकू द्यायचा नाही.

"एक काडी हलनार नाय," बाबा म्हणाले.

आणि खरंच हलली नाही. पावसाळाभर त्यांनी त्या सोळा चौकोनांची जी राखण केली, तशी आम्हा भावंडांचीही केली नसेल. म्हशी हाकलल्या, चेंडू शोधायला आलेली क्रिकेटवाली पोरं हाकलली, एकदा तर फोटो काढायला आलेलं नवंकोरं जोडपं हाकललं. दसऱ्यापर्यंत गवत माझ्या कमरेच्या वर गेलं होतं, तुरे धरले होते. मी रोज जाऊन बघायचे आणि मनात म्हणायचे, बाई, जमलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी कागद छापायला मैत्रिणीकडे निर्मळला गेले आणि तिथेच राहिले. सकाळी नायगाव स्टेशनवर पाहुण्यांना उतरवून घेतलं. एक उंच, करड्या केसांच्या मॅडम होत्या आणि दुसरे टोपी घातलेले सर. रिक्षात मी त्यांना सोळा चौकोनांबद्दल इतकं सांगितलं, की रिक्षावाल्यानेही मागे वळून विचारलं, "ताई, कसली शेती आहे?"

माळाशी उतरलो. बाबा पांढरा सदरा घालून हात जोडून उभे होते. त्यांच्या मागे माळ लग्नाच्या आदल्या दिवशीच्या अंगणासारखा स्वच्छ, गुळगुळीत. सोळाच्या सोळा चौकोन कापलेले. खुंट्यासुद्धा उपटलेल्या.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. पाहुणे, शिष्टाचार, काही उरलं नाही. "बाबा, हे काय केलंस तू? माझं अख्खं वर्ष कापलंस!" मी ओरडले.

बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले. "अगो, पाव्हने येनार म्हटल्यावर रान तसंच ठेवायचं काय? जनावर निघालं, कुनाला चावलं तर? तूच बोललीस ना, पाव्हने येईपर्यंत? आता आले की. पहाटे चार मानसं लावून साफ केलंय."

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी गवत काढतात. साखरपुडा असो, बारसं असो, पहिला विळा अंगणाला लागतो. हे मी जन्मापासून बघत आले होते, आणि तरी सांगायचं विसरले होते की हे पाहुणे गवत बघायलाच येतायत. मला रडू फुटलं. लाज वाटत होती, राग येत होता, आणि समोर औषधाच्या कारखान्याचं गेट दिसत होतं.

सर टोपी काढून डोकं खाजवत होते. मॅडमनी मात्र शांतपणे बाबांना विचारलं, "दादा, कापलेलं गवत कुठे आहे?"

"हे काय, मागं."

आंब्याच्या झाडाखाली सोळा भारे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक भारा गवताचाच पीळ घालून बांधलेला, आणि प्रत्येकात माझा पत्र्याचा नंबर खोचलेला. एक ते सोळा, क्रमाने.

"तुम्ही हे वेगवेगळे का बांधले?" मॅडमनी विचारलं.

बाबांना प्रश्नच कळला नाही. "म्हंजे? सोळा वाटे आखले होते ना हिनं? सोळा वाटेकरी. एकाचं गवत दुसऱ्याच्या भाऱ्यात घातलं तर भावकीत डोकी फुटतील!"

आमचा माळ सामाईक. कापायला सगळी घरं एका रांगेत उतरतात, पण प्रत्येक तुकड्याचा भारा त्या तुकड्याच्या वरच्या टोकालाच बांधतात. एक पेंडी इकडची तिकडे होत नाही. माझे चौकोन बघून बाबांनी ठरवून टाकलं होतं, की पोरीने कुणा सोळा जणांना वाटे दिलेत. कुणाला, ते विचारायचा आगाऊपणा त्यांनी केला नव्हता.

सरांचा चेहरा उजळला. पिशवीतून काटा काढत ते म्हणाले, "चला, लगेच वजन करून घेऊ."

"आता नको," बाबा म्हणाले. "दव हाय अजून. पान्याचं वजन घेऊन काय करनार? ऊन चढू द्या, भारे सोडून सुकवू, मंग तोला. तोपर्यंत भाकरी खा."

सरांनी काटा मुकाट्याने पिशवीत ठेवला. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं खाऊन झालं, मग एकेक भारा त्याच्या नंबरासकट उन्हात सोडला. मॅडम मांडी घालून बसल्या आणि तुरे बघून गवतं वेगळी करू लागल्या. बाबा शेजारी उकिडवे बसून सांगत गेले. हे म्हशीला आवडतं, याने दूध घट्ट येतं. हे नुसतं फुगतं, तबेलेवाला परत पाठवतो. हे आलं की समजायचं इथं पूर्वी खारं पाणी चढत होतं. शेणखत टाकलंत तिथं हे माजलं बघा, आणि चांगलं गवत दबलं. नेमकं हेच शोधायला मी पावसाळाभर वही भरत होते. मी वही उघडली आणि मुकाट लिहायला लागले.

मधेच मॅडमनी माझा अर्ज काढला. चष्मा लावून एका रकान्यावर बोट ठेवलं. "स्थानिक लोकांचं पारंपरिक ज्ञान आणि पद्धती, असा प्रश्न आहे. इथे तुम्ही 'लागू नाही' लिहिलंय."

तो रकाना मी निर्मळच्या पडवीत बसून एका सेकंदात भरला होता. बाबा मात्र अभिमानाने म्हणाले, "हिनंच लिवलंय सगळं. एकटीनं."

महिन्याभराने पत्र आलं. शिष्यवृत्ती मंजूर, अट एकच, तो रकाना पुन्हा भरायचा आणि माहिती देणाऱ्याचं एक पान जोडायचं. मी किंचाळत घरात धावले. आईने देवापुढे साखर ठेवली, आणि कारखान्यातली नोकरी नाकारल्याचं अर्ध्या गावाला कसं सांगायचं याची काळजी करत बसली.

संध्याकाळी मी बाबांना ओटीवर बसवलं आणि ते पान काढलं. नाव लिहिलं. वय लिहिलं. व्यवसाय?

"गवतवाला. दुसरं काय?"

"शिक्षण?"

बाबांनी सदऱ्याचं बटण लावलं, काढलं. मग हसून म्हणाले, "तो कसला शब्द वाचला होता त्या मॅडमनी? तो टाक. लागू नाय."

ते दोन शब्द मी एकदा चुकीच्या जागी लिहून बसले होते, पुन्हा लिहिणार नव्हते. मी लिहिलं, "पन्नास वर्षं, जूचंद्रचा माळ."

"काय लिवलंस?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"पन्नास नाय," बाबा म्हणाले. "बावन्न. नीट लिही, सरकारी कागद हाय."