भोंडल्याच्या डब्यातल्या इंजिनीअर बाई

परवा आमच्या कसबा पेठेतल्या सोसायटीत मुलींचा भोंडला होता. खिरापतीची जबाबदारी माझी...

त्याच्या आदल्या दिवशी माझी सात वर्षांची इरा शांतपणे म्हणाली होती, "आई, इंजिनीअर बाबा लोकच असतात." हिच्या मनातून हे आत्ताच काढायला हवं, असं मी ठरवलं.

मग काय, खिरापतीच्या डब्यात खाऊऐवजी जुन्या काळातल्या एका इंजिनीअर बाईंचा फोटो, चांगला फ्रेम करून ठेवला. मुलींनी प्रश्न विचारून ओळखायचं!

फेर झाला, गाणी झाली, मी डबा हलवला. "गोड की तिखट?" पहिला प्रश्न. मी म्हटलं, दोन्ही नाही. "पापड?" "चिक्की?" "खाखरा?"... शेवटी मीच हिंट दिली. "ह्या एक बाई आहेत. कॉलेजात वर्गात सगळी मुलं, ह्या एकट्याच मुलगी. साडीचा पदर खोचून मशीन चालवायच्या."

"आपटे आजी!" सगळ्या एकदम ओरडल्या. त्यात इरासुद्धा.

आपटे काकू म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या. तिथेच खुर्चीत बसल्या होत्या. डब्यातला फोटो त्यांचा नव्हता, पण सायकलची चेन बसवून देता देता त्यांनी मुलींना आपल्या कॉलेजचं, मशीनचं हे सगळं कधीच सांगितलं होतं म्हणे. बारा वर्षांत माझं त्यांच्याशी बोलणं झालं ते फक्त बाथरूमच्या गळतीवर.

"अगं इरा, मग इंजिनीअर बाबाच असतात असं का म्हणालीस?" तर म्हणते, "त्या तर आजी आहेत ना." मग तिलाच शंका आली असावी. काकूंकडे वळून तिने विचारलं, "आजी, तुम्ही इंजिनीअर होतात?"

"होते म्हणजे? आहे. डिग्री परत मागायला अजून कोणी आलेलं नाही." मग माझ्याकडे बघून, "आणि खिरापत? की फोटोच वाटून खायचाय?"

खरंच, खाऊ करायचा मी साफ विसरले होते... धावत जाऊन कोपऱ्यावरून भेळ आणली.

इराला शिकवायला निघाले होते, पण डोळे माझेच उघडले. लाज वाटली, खरं सांगते. काल धीर करून काकूंना विचारलं, गप्पा मारायला येऊ का?

"या. साडेचारला. उशीर नको."

चार पंचवीसला मी आणि इरा दारात उभ्या होतो.