चोवीस व्होल्टचं वऱ्हाड

औरादच्या बाजारतळाला लागून माणिकरावांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि भिंतीभर लटकलेल्या वायरी. माणिकराव आता पासष्टीला टेकले. बंद पडलेल्या गाडीला हात लावायच्या आधी ते ड्रायव्हरला दहा प्रश्न विचारतात आणि निम्मं दुखणं त्याच्याच तोंडून काढून घेतात. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी वाटेत दगा देत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती. दगा दिला तो एकाच गाडीनं, आणि तिच्यात माणिकराव स्वतः नवरदेव होऊन बसले होते.

त्याला चाळीस वर्षं झाली. गावातल्या राघोबांनी सिकंदराबादच्या लिलावातून मिलिटरीचा जुना ट्रक आणला होता. हिरवागार, माणसाच्या छातीएवढी चाकं. माणिक तेव्हा उदगीरहून काम शिकून नुकताच परतलेला, आणि त्या ट्रकचं वायरिंग त्यानंच उभं केलेलं. राघोबा खूश होऊन म्हणाले, "तुझं वऱ्हाड माझ्याच गाडीतून न्यायचं." बौद्धवाड्यातल्या पोराच्या लग्नाला गाडी द्यायची म्हणून गावात चार तोंडं वाकडी झाली. राघोबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

नवरदेवाला चेव आला. वऱ्हाडाच्या गाडीत टेप पाहिजे! टेप मिळाला तो बारा व्होल्टचा आणि गाडी चोवीसची. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस होतात, एवढं माणिकला ठाऊक होतं. त्यानं सरळ एकाच बॅटरीवरून वायर ओढली. टेप वाजला, वर केबिनमध्ये लाल-निळे दिवे लागले. मग आठ दिवस आल्यागेल्याला उभ्या गाडीत गाणी ऐकवणं सुरू झालं. जोडीतल्या एकाच बैलाची पेंड काढून घ्यावी तसा प्रकार. एक बॅटरी रोज रिकामी होत गेली, दुसरी चार्जिंग खाऊन खाऊन उकळली, आणि या दिवट्याला पत्ताच नाही.

लग्न अळंद तालुक्यातल्या खजुरीला, दुपारी साडेबाराचं. हळ्ळीखेडला वऱ्हाड चहाला उतरलं. चहा पिऊन चावी फिरवली तर नुसतं टक्! पन्नास माणसांनी ढकललं, तरी चढावर उभी केलेली गाडी हलेना. ट्रॅक्टर शोधून ओढून ती चालू होईपर्यंत दुपार कलली. खजुरीत पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते, पाहुणे जेवून गावी गेले होते आणि बौद्धाचार्य मांडवातच कलंडले होते. माणिकचा मामा म्हणाला, "आपल्यात मुहूर्त न्हाई म्हणून वाचलास बघ. न्हाईतर पुढच्या सालीच लगीन लागलं असतं."

नवरीला, म्हणजे शोभाबाईंना, मग संसारभर पुरेल एवढं हत्यार मिळालं. माणिकराव कुठंही निघाले की, "हळ्ळीखेडला थांबू नका म्हणजे झालं." डाळ शिजायला वेळ लागला की, "हळ्ळीखेडला अडकली वाटतं." नातवंडांनासुद्धा तोंडपाठ. माणिकराव हसायचे, पण ते हसणं वरवरचं. चारचौघांत नाव असलेल्या कारागिराच्या काळजात हा काटा चाळीस वर्षं सलत होता. बायकोला लग्नाच्या मांडवात दिवसभर तिष्ठत ठेवलं, याची त्यांना खरीच लाज वाटायची.

राघोबा जाऊन सहा वर्षं झाली. यंदा त्यांच्या मुलानं, धनराजनं, तो ट्रक विकायला काढला. घेणारे निघाले खजुरीचेच प्रभुलिंग. उन्हाळ्यात गावाला पाणी पुरवायला त्यांना त्यावर टाकी बसवायची होती. त्यांची अट अशी, की पुढं-मागं एलईडी दिवे, मागचं बघायला कॅमेरा, मोबाइलचं चार्जिंग आणि गाणी, एवढं सगळं बसवून गाडी खजुरीत आणून द्यायची. सामान सगळं बारा व्होल्टचं.

"काका, एका बॅटरीवरनं वायर घ्या की. सगळे तसंच करायलेत," धनराज म्हणाला.

माणिकरावांनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं दोन पावलं मागं सरलं. "सगळे करायलेत म्हणून म्या करू व्हय? एकदा केलंय म्या. चोवीसाचं बारा करणारा कन्व्हर्टर आण, न्हाईतर दुसरा मिस्त्री बघ."

चार दिवस ते एकटेच राबले. चष्मा घामानं घसरायचा, पण एक जोड त्यांनी दुसऱ्याला करू दिला नाही. दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "शोभे, उद्या पहाटे तयार राहा. त्याच गाडीतनं तुला माहेरी न्यायलोय. येळेवर."

"कामून? गुडघे दुखायलेत माझे."

"चल म्हणलं ना."

फटफटायला निघाले. धनराज गाडी चालवत होता, शोभाबाई मधे, माणिकराव खिडकीशी. हळ्ळीखेडला माणिकरावांनी मुद्दाम थांबायला लावलं. इंजिन बंद, दिवे चालू, गाणी चालू. अर्धा तास चहा चालला. मग त्यांनी स्वतः चावी फिरवली. पहिल्या फटक्याला इंजिन धडधडलं! त्यांनी विजयानं बायकोकडं बघितलं.

"च्या लई गोड केलाय मेल्यानं," शोभाबाई म्हणाल्या.

खजुरीत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. प्रभुलिंगांच्या घराच्या वाटेवरच शोभाबाईंचं माहेर. भाऊ सोलापूरला गेलेला, दाराला कुलूप. त्या सावकाश उतरल्या आणि ओट्यावर टेकल्या. माणिकरावांनी घड्याळ पुढं केलं. "बघ. साडेबाराची येळ होती, तासभर आधी आणली. आता तरी फिटलं का न्हाई?"

शोभाबाई ओट्यावरून हात फिरवत होत्या.

"माय रोज रानात जायची. आली की चूल. तिला दिवसाउजेडी बसलेली म्या कधी बघितलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सयपाक झालेला, पाहुणे जेवलेले, अन् तुमचा पत्ता न्हाई. तिला काम उरलं न्हाई. मग इथं बसली, मला म्होरं घेऊन माझ्या केसांची येणी घातली. सोडली, पुन्हा घातली. दुपारभर. तुमची गाडी लांबून दिसली तवा मला रडू आलं. त्याच सालच्या सुगीला माय गेली."

माणिकरावांनी घड्याळाचा हात खाली घेतला. "मग चाळीस वर्सं मला टोचत कामून बसलीस?"

"तेवढं बोललं की ती दुपार आठवायची."

ज्या दिवसाची आपण जन्मभर लाज बाळगली, तो दिवस ही बाई जन्मभर जपत आली होती.

पलीकडून धनराजनं हाक दिली. प्रभुलिंग दिवे बघायला थांबलेत, आणि परतीची बिदरची बस अर्ध्या तासात आहे, आटपा म्हणाला.

"तू चावी दे त्यांना, बटणं सगळी दाखीव," माणिकराव ओट्यावर बायकोशेजारी बसत म्हणाले. "अन् ती बस जाऊ दे. आम्ही सांजच्या बसनं येतो."