दिवेलागणीचा भोंगा

बाळांनो, दिवाळीत तुम्ही आलात की संध्याकाळी आपलं पुढचं दार सताड उघडं दिसेल आणि समोरच्या बाई न विचारता आत येतील. तुमच्याकडे असं चालत नाही, म्हणून त्यामागची हकीकत आत्ताच लिहिते.

तुमचे आजोबा गेल्यावर मी इथे एकटी राहणार म्हटल्यावर तुमच्या बाबांनी दाराला चोरभोंगा बसवला. दिवस मावळला की तो आपोआप चालू होई. दार उघडण्याआधी भिंतीवरच्या डबीवर आकडे दाबायचे, नाहीतर तो वाजणार; एवढंच माझं काम. पण माझा क्रम लहानपणापासूनचा: देवापाशी दिवा, मग तुळशीचा दिवा हातात घेऊन बाहेर जायचं आणि लक्ष्मीसाठी दार उघडं ठेवायचं. हातात पेटती वात असताना आकडे कुठले आठवायला? भोंगा कोकलायचा आणि सगळी कॉलनी दचकायची.

सुरुवातीला सगळे धावत आले. पुढे पुढे वॉचमनसुद्धा खुर्चीतून उठेना.

“काकू, आमचा कुकर तुमच्या भोंग्यावर लागतो आता,” समोरच्या बाई म्हणाल्या. मला हसू आलं, पण रात्री विचार करत बसले. उद्या खरोखर कुणी घरात शिरलं, तर हे लोक कुकरच लावतील.

कॉलनीच्या समितीने नियम काढला: ज्या घराचा भोंगा विनाकारण वाजत राहील, त्यांनी तो उतरवायचा. नियम मला पटला. अडचण अशी की तुमच्या बाबांनी बजावलं होतं, “भोंगा निघाला तर तू तिथे एकटी राहायचं नाहीस. घर विकू, तू इकडे ये.”

बैठकीत मी उभी राहिले. “भोंगा ठेवायचा आहे आणि दिवाही लावायचा आहे,” एवढंच बोलता आलं.

समोरच्या बाई म्हणाल्या, “मग पुढच्या दाराचा भोंगा आठनंतर चालू करा की. एक किल्ली माझ्याकडं द्या. वाजला तर आधी मी बघते, मग बाकीच्यांनी यायचं.” समितीला ते पटलं. सगळ्याच भोंगेवाल्यांनी एका शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी, असंही ठरलं.

उरले तुमचे बाबा. “आई, चोर काय आठनंतरच येतात का?” ते फोनवर चिडले. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“दादा, तोवर मी हाय की वट्ट्यावर. माझ्यासमोरून कोण जातंय आत?”

पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. मग बाबा म्हणाले, “बरं. पण किल्ली हरवू नका.”

“व्हय, देवघरात ठेवते.”

ती किल्ली अजून तिथेच आहे. भोंगा भिंतीवर आहे, संध्याकाळी दार उघडं असतं, बाई केव्हाही आत येऊन बघून जातात, आणि मी माझ्याच घरात राहते.